कडा येथील शाळा व तिचा परिवार

बीड जिल्ह्याचा नकाशा पुढें घेऊन त्याच्या पश्चिम टोंकाकडे पाहिलें म्हणजे आष्टी तालुका शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत शिरल्यासारखा दिसतो. ह्या तालुक्यांत, नगराहून आष्टीवरून जामखेडास जाणाऱ्या सडकेवर, कडा हें गांव आहे. प्रवासवर्णनें लिहिणाऱ्यांचीं पावलें ह्या बाजूस सहसा वळत नाहींत. किल्ला, लेणें किंवा तीर्थ ह्यांच्या शोधांत निघालेला प्रवासी येथें चहापुरता थांबतो आणि पुढें जातो. परंतु गांव पाहण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे तेथील शाळा पाहणें. देवळावरून गांवाचें पूर्वसंचित कळतें, बाजारावरून त्याची आजची स्थिति कळते. पण उद्यां तेथें काय होणार हें कळावयास शाळेच्या ओट्यावरच जाऊन बसावें लागतें. त्याच हेतूनें आम्ही कड्यास गेलों.

आतां कड्यास आगगाडीनें जातां येतें. नगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरांचा लोहमार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला, आणि नगर ते आष्टी हा त्याचा पहिला ६६ किलोमीटरांचा भाग २३ सप्टेंबर २०२२ रोजीं सुरू झाला. पुढें १७ सप्टेंबर २०२५ रोजीं गाडी बीडपर्यंत पोंचली. मंजुरीच्या वर्षीं जन्मलेलें मूल पहिली गाडी येईपर्यंत स्वतः आईबाप होण्याच्या वयास आलें होतें. तरीही गाडी आली ह्याचा आनंद लोकांच्या बोलण्यांत आहे. सोलापूरवाडी, धानोरा हीं स्थानकें मागें पडलीं म्हणजे दोहों बाजूंस बाजरी निघून मोकळीं झालेलीं रानें, कोठें कांद्याचे वाफे, कोठें तुरीच्या ओळी दिसतात. हा पर्जन्यछायेंतला मुलूख आहे. पाऊस झाला तर पीक, न झाला तर गुरांची छावणी, असा येथील वर्षाचा सरळ हिशेब.

आम्ही गेलों ते दिवस दिवाळीनंतरचे होते. लोहमार्गाजवळून जाणाऱ्या सडकेवर भरलेले ट्रॅक्टर नगराकडे चालले होते. त्यांत पत्रे, बांबू, हंडे, धान्याचीं पोतीं, कोयते, आणि त्या सामानावर बसलेलीं माणसें. ऊसतोडीस जाणारीं तीं कुटुंबें होतीं. त्यांच्यांत मुलेंही होतीं. ह्या मुलांकडे आम्ही पुढें पुन्हा येणार आहों.

पूर्वीं ह्याच वाटेवर राज्य बदलत असे. नगर १९४७ पर्यंत इंग्रजी अमलांत होतें, तर कडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत, म्हणजे लोकांच्या भाषेंत मोगलाईंत होतें. हद्द ओलांडली कीं नाक्यावर करोडगिरी द्यावी लागे; कलदार रुपया जाऊन हाली रुपया येई; इसवी सन जाऊन फसली साल लागे; आणि कचेरींतला कागद उर्दूंत लिहिला जाई. शाळेचेंही तसेंच होतें. प्राथमिक शाळेस तहतानिया, मधल्या शाळेस वस्तानिया व हायस्कुलास फौकानिया म्हणत. मुख्याध्यापक म्हणजे सदर मुदर्रिस, आणि तपासणीस येणारा अधिकारी म्हणजे मोहतमीम तालीमात. खालच्या इयत्तांत मातृभाषेस जागा होती. परंतु विद्यार्थी वर चढे तसतशी उर्दू पुढें येई, आणि १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांत तर सारें शिक्षणच उर्दूंतून होतें. ह्यांत उर्दूचा कांहीं दोष नाहीं. एका भारतीय भाषेंतून वैद्यकापर्यंतचे विषय शिकवून दाखविण्याचें श्रेय त्या विद्यापीठास दिलेंच पाहिजे. परंतु ज्याच्या घरीं ती भाषा बोलली जात नसे, त्या मुलास गणित शिकण्याआधीं गणिताची भाषा शिकावी लागे. ज्यांची ऐपत होती ते मुलास हद्दीपलीकडे आप्ताच्या घरीं किंवा माधुकरीवर ठेवून शिकवीत. बाकीच्यांचीं मुलें गुरांमागें जात.

मराठी माध्यमाची खाजगी शाळा काढावी म्हटलें तर सरकारची परवानगी लागे, व ती सुखासुखी मिळत नसे. तरीही १९२१ सालीं हिप्परगा येथें राष्ट्रीय शाळा निघाली, आणि १९३५ सालीं ह्याच बीड जिल्ह्यांत अंबाजोगाईस योगेश्वरी नूतन विद्यालय उभें राहिलें. पुढें हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ हे आधीं ह्या शाळांतले शिक्षक होते, आणि बाबासाहेब परांजपे हे त्यांचे तेथील सहकारी. तसल्या शाळांत विभाग नव्हते. जो मास्तर सकाळीं भूमिति शिकवी तोच संध्याकाळीं आखाड्यांत उतरे, आणि वसतिगृहांत कोणास ताप आला तर तोच उशाशीं बसे. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं अशा एखाद्या आजोबांची किंवा चुलत आजोबांची हकीकत सांगितली जात असेल. ही हकीकत सांगतांना आपण त्यांच्या त्यागाचें कौतुक करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु त्या कौतुकांत एक गोष्ट नजरेआड होते. त्या एका माणसानें चार माणसांचें काम केलें, ह्याचाच अर्थ असा कीं तें काम चार माणसांचें होतें.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत. त्यानंतर माध्यमिक शाळा तालुक्याच्या गांवांतून लहान गांवांकडे पसरल्या. आज कड्यास नुसती शाळाच नव्हे, तर अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाचें महाविद्यालयही आहे. ज्या अमोलक ऋषींचें नांव ह्या संस्थेस आहे त्या स्थानकवासी जैन साधूंनीं ३२ आगमांचा हिंदींत अनुवाद केला. ग्रंथाशीं असा संबंध असलेलें नांव विद्येच्या स्थानास शोभून दिसतें. ज्या गांवच्या मुलास पूर्वीं फौकानियासाठीं घर सोडावें लागे, तेथें आज पदवीपर्यंतची सोय आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

आम्ही ज्या शाळेंत जाऊन बसलों तिचें नांव येथें देत नाहीं. कारण जें सांगावयाचें आहे तें एका शाळेचें नसून ह्या टापूंतील कोणत्याही अनुदानित शाळेस लागू पडेल असें आहे. इमारत साधी, पटांगण मोठें, कडेस लिंबाचीं झाडें. कार्यालयाच्या दारापाशीं भिंतीवर सेवकवर्गाचा फळा होता. सर्वांत वर मुख्याध्यापक, त्याखालीं पर्यवेक्षक, मग मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान व समाजशास्त्रें ह्या विषयांचे शिक्षक, त्यांच्या पदव्यांसह, मग चित्रकला व शारीरिक शिक्षण, शेवटीं लिपिक, प्रयोगशाळा परिचर व शिपाई. कांहीं नांवें पुसलेलीं होतीं व त्या जागीं नवीं नांवें आलेलीं नव्हतीं. आम्हीं तो फळा सावकाश वाचला. शाळेचा खरा ताळेबंद तिच्या निकालाच्या टक्केवारींत नसून ह्या फळ्यावर असतो, असें आमचें फार दिवसांचें मत आहे. निकाल मुलांनीं काय केलें हें सांगतो. आपण मुलांसाठीं काय केलें हें फळा सांगतो.

हा फळा वाचतांना अमेरिकेंतील हायस्कुलाचा विचार मनांत येणें साहजिक होतें, आणि तें कां, हें सांगणें जरूर आहे. अमेरिकन मिशनच्या शाळा नगरास एकोणिसाव्या शतकापासून होत्या, आणि मिस सिंथिया फरार ह्यांची तेथील मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते, हें प्रसिद्धच आहे. परंतु आमच्या मनांतला संबंध निराळा व बराच नंतरचा आहे. १९५२ सालीं भारत सरकारनें डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार ह्यांच्या अध्यक्षतेखालीं माध्यमिक शिक्षण आयोग नेमला. त्याच्या सभासदांत केनेथ रास्ट विल्यम्स हे अमेरिकन गृहस्थही होते. १९५३ च्या आपल्या अहवालांत आयोगानें असें सुचविलें कीं, सर्व मुलांस एकाच पुस्तकी चाकोरींतून नेण्याऐवजीं बहुउद्देशीय शाळा काढाव्या, आणि त्यांत मानव्य, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेतकी, ललितकला व गृहविज्ञान अशा सात शाखा ठेवाव्या. शिवाय मुलांना कोणती वाट झेपेल हें पाहण्यासाठीं मार्गदर्शक नेमावे. ही कल्पना ज्या नमुन्यावरून पुढें आली तो नमुना अमेरिकेंतल्या हायस्कुलाचा होता.

तें हायस्कूल कसें होतें, हें समजून घेण्यासारखें आहे. १८९३ सालीं तेथील 'दहा जणांच्या समिती'नें आपला अहवाल दिला तेव्हां हायस्कूल ही थोड्यांची वस्तु होती, आणि समितीचा सारा विचार लॅटिन, गणित, इतिहास अशा विषयांभोवतीं फिरत होता. पुढच्या २५ वर्षांत शेतकऱ्यांचीं, कामगारांचीं व नव्यानें देशांत आलेल्या लोकांचीं मुलें शाळेंत येऊं लागलीं. तेव्हां १९१७ च्या कायद्यानें शेतकी, उद्योग व गृहशास्त्र ह्यांच्या शिक्षकांच्या वेतनासाठीं मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळूं लागला. आणि १९१८ सालीं दुसऱ्या एका मंडळानें माध्यमिक शिक्षणाचीं सात उद्दिष्टें मांडलीं. त्यांत पहिलें आरोग्य होतें. लिहिणें, वाचणें व हिशेब हें दुसरें. आणि पुढें घर, व्यवसाय, नागरिकत्व, फुरसतीचा सदुपयोग व शील. विषयांची यादी जाऊन तेथें मुलाच्या आयुष्याची यादी आली, हा ह्यांतला मोठा फरक आहे.

म्हणून १९५० च्या सुमारास एखाद्या मध्यम अमेरिकन गांवचें हायस्कूल पाहिलें असतें तर त्याच्या फळ्यावर काय दिसलें असतें? इंग्रजी, गणित, विज्ञान, समाजशास्त्रें व परकीय भाषा हे विभाग तर होतेच, आणि मोठ्या शाळेंत प्रत्येकास एक प्रमुख होता. त्यांच्याच बरोबरीनें वाणिज्याचा विभाग होता, व तेथें टंकलेखन आणि लघुलेखन शिकवीत. लांकूड व लोखंड ह्यांचे कारखाने होते. शिवण व स्वयंपाक ह्यांच्या खोल्या होत्या. खेड्यांतील शाळांत शेतकीचा शिक्षक होता, जो संध्याकाळीं मुलाच्या शेतावर जाऊन त्याचें काम पाही. संगीताचा शिक्षक वाद्यवृंद चालवी. मोटार चालविण्याचेंही शिक्षण देत. ग्रंथपाल, परिचारिका व मार्गदर्शक हीं माणसें शाळेचीच समजलीं जात. १९४६ च्या कायद्यानें दुपारच्या जेवणास सरकारी मदत मिळूं लागली, त्यामुळें भोजनगृहांतील स्वयंपाकिणी आल्या. दूरच्या मुलांस आणणारे गाडीवान होते. आणि इमारत झाडून, तिची भट्टी पेटवून थंडीच्या सकाळीं वर्ग गरम ठेवणारा रखवालदार होता. १९५९ सालीं जेम्स कोनंट ह्या विद्वानानें तेथील हायस्कुलांची पाहणी प्रसिद्ध केली, तींत दर २५० ते ३०० विद्यार्थ्यांमागें एक पूर्णवेळ मार्गदर्शक हवा असें त्यानें लिहिलें. हा मार्गदर्शक कोणताही विषय शिकवीत नाहीं. मूल कां येत नाहीं, कोठें अडतें, पुढें काय करूं पाहतें, हें जाणणें हेंच त्याचें काम.

हें सर्व वाचून तेथें सर्व कांहीं सुवर्णाचेंच होतें अशी समजूत कोणी करून घेऊं नये. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा निराळ्या होत्या व त्या मुद्दाम दरिद्री ठेवलेल्या होत्या. १७ मे १९५४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ही विभागणी घटनाबाह्य ठरविली. परंतु शाळा एकत्र करण्याच्या ओघांत हजारों काळ्या शिक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, ही त्या सुधारणेची कडू बाजू आहे. मुलींनीं शिवण व मुलांनीं सुतारकाम, अशी वांटणी बहुतेक ठिकाणीं गृहीत धरलेली असे. गरिबाच्या मुलास लवकरच कारखान्याच्या खोलीकडे वळविलें जाई आणि डॉक्टराच्या मुलास महाविद्यालयाच्या वाटेकडे. तात्पर्य, विभाग पुष्कळ असले म्हणजे न्याय होतोच असें नाहीं. परंतु विभागच नसले तर न्यायाचा प्रश्न विचारावयास जागासुद्धां राहत नाहीं.

मुदलियार आयोगाच्या सात शाखांचें आपल्याकडे काय झालें? कांहीं बहुउद्देशीय शाळा निघाल्या. मराठवाड्यांतील कांहीं जिल्ह्यांच्या गांवीं एखाद्या जुन्या शाळेस लोक अजूनही 'मल्टीपर्पज' ह्याच नांवानें ओळखतात. परंतु कारखाना उभारण्यास पैसा लागे, शेतकी शिकविण्यास तसा शिक्षक लागे, आणि पालकांची नजर तर परीक्षेवर होती. १९६४ ते १९६६ मधील कोठारी आयोगानें हाताच्या कामास सर्व मुलांच्या शिक्षणांत जागा द्यावी असें पुन्हा सांगितलें. १९७५ सालीं महाराष्ट्रांत दहावीची नवी परीक्षा सुरू झाली. अकरावीच्या जुन्या मॅट्रिकचा काळ संपला. ह्या साऱ्या घडामोडींतून सात शाखांचें जें उरलें तें वेळापत्रकांतील कार्यानुभवाच्या तासिकेच्या रूपानें. ती तासिकाही परीक्षा जवळ आली कीं गणितास दिली जाते, हें ज्यांच्या घरीं दहावीचें मूल आहे त्यांस सांगावयास नको.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें तर ही वस्तुस्थिति कायद्याच्या भाषेंतच लिहून ठेवली आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठीं भाषा, विज्ञान व गणित, आणि समाजशास्त्रें ह्यांस शिक्षक असलेच पाहिजेत. परंतु कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, आणि कार्यशिक्षण ह्यांस, पट १०० च्या वर असेल तेव्हां, अंशकालीन निदेशक. अंशकालीन ह्या एका शब्दांत आपण मुलाच्या हाताला, डोळ्याला व शरीराला किती मोल देतों तें आलें. ग्रंथपालाचेंही तेंच. मोठ्या पटाच्या शाळेस पूर्णवेळ ग्रंथपाल मिळतो. लहान शाळेंत कपाटाच्या किल्ल्या बहुधा मराठीच्या शिक्षकाकडे असतात, आणि त्यांस सवड झाली तर कपाट उघडतें. २०२० च्या डिसेंबरांत अनुदानित खाजगी शाळांतील शिपायांच्या जागीं कायम नेमणुकीऐवजीं ठोक भत्ता देण्याचा निर्णय झाला. ज्या माणसास मुलें 'मामा' म्हणून हाक मारतात, ज्याला कोणतें मूल कोणत्या वस्तीवरून येतें व कोणाचा बाप कोठें कामास आहे हें तोंडपाठ असतें, तोच माणूस कागदावर आतां पद राहिलेला नाहीं. तो खर्चाचा एक भाग झाला आहे.

आतां त्या ट्रॅक्टरवरच्या मुलांकडे येऊं. बीड जिल्ह्यांतून दर वर्षीं लाखों माणसें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीस कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत काम करावयाचें असतें, आणि हंगाम दिवाळीच्या मागेंपुढें सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. म्हणजे शाळेच्या वर्षाचा उत्तरार्ध व ऊसाचा हंगाम हे एकाच वेळीं येतात. आम्ही एका वर्गांत गेलों तेव्हां बांकांवर मध्यें मध्यें जागा मोकळ्या होत्या. वर्गशिक्षिकाबाईंनीं हजेरीपट उघडून दाखविला. त्या म्हणाल्या, "ह्यांतले कोण होळीनंतर परत येतील हें मला सांगतां येतें. येतात ते मागें पडलेले असतात. न येणाऱ्यांत मुली जास्त." आम्हीं विचारलें कीं, अशा मुलांच्या घरीं जाऊन बोलण्याचें काम कोणाकडे आहे? त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "कोणाकडेच नाहीं. म्हणून मीच जातें. तास संपल्यावर."

हें उत्तर ऐकून आम्हांला हिप्परग्याच्या व अंबाजोगाईच्या त्या जुन्या मास्तरांची आठवण झाली. शंभर वर्षें होत आलीं, राज्य बदललें, भाषा बदलली, पगार सरकारी तिजोरींतून येऊं लागला. पण एका माणसानें चार माणसांचें काम करावें ही रीति कांहीं बदलली नाहीं. बाईंच्या कर्तव्यबुद्धीस आम्ही मनःपूर्वक वंदन करतों. परंतु कोणा एकीच्या चांगुलपणावर चालणारें काम तिची बदली झाली, ती आजारी पडली किंवा निवृत्त झाली कीं थांबतें. फळ्यावर जागा असेल तर तेंच काम दुसरा माणूस पुढें चालवितो. विभाग ह्या रुक्ष शब्दाचा अर्थ एवढाच आहे.

आणि येथें प्रश्न मागें पडलेल्या धड्यांपुरता नाहीं. आईबाप सहा महिने बाहेर जाणार, घरीं म्हातारी आजी, आणि मुलगी चौदा-पंधरा वर्षांची. अशा वेळीं तिला कोठें ठेवावी ही आईची चिंता असते. तिच्या दृष्टीनें पाहिलें तर ती चिंता खोटी नाहीं. मग एक तर मुलगी बरोबर जाते, तळावर स्वयंपाक करते व धाकट्यांस सांभाळते. नाहीं तर तिचें लग्न उरकून टाकतात. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत बीड जिल्ह्यांतील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकीं ४० टक्क्यांहून अधिक जणींचें लग्न अठराव्या वर्षाआधीं झाल्याचें आढळलें. ह्या संख्येकडे आपण एरवीं समाजाचें मागासलेपण म्हणून पाहतों. कड्याच्या वर्गांत बसून पाहिलें म्हणजे तीच संख्या निराळी दिसते. मुलीला सहा महिने निर्धास्त राहण्याजोगी जागा नाहीं, एवढाच पुष्कळदां तिचा अर्थ असतो.

ह्यावर उपाय कोणास सुचले नाहींत असें नाहीं. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा काढण्याचा प्रयोग झाला. पुढें मूल गांवींच राहावें म्हणून हंगामी वसतिगृहें निघालीं. २०२१ सालीं शासनानें संत भगवानबाबा ह्यांच्या नांवें ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहें काढण्याची योजना केली. प्रत्येक तालुक्यांत एक मुलांचें, एक मुलींचें. योजना उत्तम आहे. परंतु वसतिगृह म्हणजे नुसती इमारत नव्हे. तेथें रात्रीं राहणारी गृहमाता हवी, वेळेवर ऊन जेवण करणारा हात हवा, ताप आला तर ओळखणारी परिचारिका हवी, आणि आईस दूर तळावर फोन करून 'मुलगी खुशाल आहे' असें सांगणारें कोणी तरी हवें. अमेरिकन हायस्कुलाच्या फळ्यावर जीं माणसें विषयशिक्षकांच्या खालच्या ओळींत होतीं, नेमकीं तींच माणसें कड्याच्या मुलास पहिल्या ओळींत हवीं आहेत. तेथील मुलास मोटार चालविण्याचा शिक्षक मिळाला, कारण त्याचें आयुष्य मोटारीशीं बांधलेलें होतें. कड्याच्या मुलाचें आयुष्य हंगामाशीं बांधलेलें आहे. तर त्याच्या शाळेंत हंगामाचा विभाग असणें ह्यांत परकें असें काय आहे? नमुना उचलावयाचा तो यादीचा नव्हे, तर यादी करण्यामागच्या बुद्धीचा.

लोहमार्गाचा येथें एक उपयोग आहे व एक धोकाही आहे. गाडीमुळें कड्याचें मूल नगरास शिकून संध्याकाळीं घरीं परतूं शकेल. पण शिक्षकही नगरास राहून सकाळीं कड्यास येऊं शकेल, आणि गाडीची वेळ होतांच उठूं शकेल. शिक्षकांनीं आपल्या मुलांच्या शिक्षणासाठीं शहरांत राहूंच नये असें म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. आपणां बहुतेकांचीं घराणीं तर गांव सोडून शहरांत येऊनच शिकलीं आहेत. परंतु पूर्वींचा मास्तर गांवांत राही म्हणून जें काम नकळत होई, तें आतां कोणास तरी नेमून दिल्यावांचून होणार नाहीं. घरोघरीं जाणाऱ्या त्या बाई कड्यासच राहतात, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

वाचकांपैकीं कित्येकांचा अशा शाळांशीं कांहीं ना कांहीं संबंध आहे. कोणी संस्थांच्या कार्यकारी मंडळावर आहेत, कोणी निवृत्त शिक्षक आहेत, कोणी दरसाल गुणवंतांस बक्षिसें ठेवतात. पहिल्या आलेल्या मुलास ढाल मिळते, फोटो येतो, आणि देणाऱ्यासही समाधान होतें. आमची नम्र सूचना एवढीच कीं, पुढच्या वेळीं देणगी देतांना शाळेस निकाल विचारण्याआधीं सेवकवर्गाचा फळा पाहावा, आणि पुसलेल्या नांवांच्या जागीं कोण काम करतें हें विचारावें. एका गृहमातेचें सहा महिन्यांचें वेतन, ग्रंथालय रोज दोन तास उघडें ठेवणाऱ्या एखाद्या पदवीधर मुलीचें मानधन, आठवड्यांतून एकदां येणाऱ्या परिचारिकेचा खर्च, ह्या गोष्टी ढालीइतक्या चकाकत नाहींत. परंतु पहिला येणारा मुलगा ढालीवांचूनही पहिला येईल. मधल्या बांकावरची मुलगी मात्र गृहमातेवांचून त्या बांकावर राहणार नाहीं.

परतीच्या गाडीस वेळ होता म्हणून आम्ही कड्याच्या बाजारपेठेंतून पायीं स्थानकाकडे निघालों. शाळा सुटली होती, आणि सायकलींवरून मुली घोळक्यानें वस्त्यांकडे चालल्या होत्या. त्यांतल्या किती जणी होळीपर्यंत ह्याच वाटेनें येत राहतील, हें सांगणें कोणा ज्योतिषाचें काम नाहीं. तें आपण फळ्यावर किती नांवें लिहितों त्यावर ठरणार आहे.